आपल्या वंशावळीतल्या तिरप्या रेघा

दादा, वंशावळ काढायचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. पण त्याआधी एक सांगायचं राहिलंय, आणि ते तुम्हाला दुसरं कोण सांगणार. तुमचा लेक, माझा भाऊ गेला. गेल्या चैत्रात. सकाळी विहिरीवर मोटार चालू करायला गेला, पायात चप्पल नव्हती, खाली ओल होती, आणि स्टार्टरच्या पेटीला हात लावला. वहिनी भाकरी घेऊन पोचली तेव्हा मोटार चालूच होती, पाणी भुईमुगात वाहत होतं, आणि हा पेटीखाली आडवा पडलेला. ते बघायला तुम्ही नव्हता, एवढाच काय तो देवाचा उपकार. मी परभणीहून येईपर्यंत अंगणात माणसं मावत नव्हती. एकजण म्हणाला, ‘कधीचा पेटी बदलायची म्हणत होता बिचारा.’ मला त्या माणसाचा इतका राग आला, की वाटलं ह्याला आधी उठवून बाहेर काढावं.

भाऊ-वहिनीला मूलबाळ नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. नांदेडचे दवाखाने तुमच्या देखतच झाले, पोखर्णीच्या नरसिंहाला नवसही तुम्हीच बोलला होता. त्यानंतरही काही झालं नाही. वहिनीनं कधी कुणाला बोल लावला नाही, फक्त गावातल्या बाळंतिणींना बघायला जायचं हळूहळू सोडून दिलं. आता भाऊ गेल्यावर सातबाऱ्यावर वारस लावायचे तर वंशावळ लिहून द्यावी लागते. घरात शिकलेली मी, शाळेत जन्मभर फळ्यावर लिहीत आलेली. म्हणून तुमच्या भावानं, तात्यांनी निरोप धाडला, ‘आक्कीला म्हणावं ये, कागद लिहायचाय.’ ह्या वयातही मी त्यांची आक्कीच आहे.

तात्या आता पार वाळलेत, पण स्मरण लख्ख. ओसरीवर भिंतीला टेकून बसले, अडकित्त्यानं सुपारी कातरत राहिले आणि मला सांगत गेले. ‘पणज्यापून धर. पणजा आपला मूळचा हिथला न्हाई. त्येच्या मामाला लेकरू नव्हतं, म्हणून राणीसावरगावाकडून त्येला उचलून आणला, हे एवढं हुतं. मार रेघ.’ मी रेघ मारली. मामाच्या नावाखाली सरळ काही नव्हतंच, बाजूनं तिरपी ओढावी लागली. पणजोबांच्या खाली दोन लेक. थोरल्याच्या पोटी काही नाही. धाकट्याच्या पोटी तात्या आणि तुम्ही. मी धाकट्याच्या खाली दोन रेघा काढल्या आणि दुसऱ्या रेघेला तुमचं नाव लिहायला गेले, तसा तात्यांनी अडकित्ता थांबवला. ‘तिथं नगं. तुझा बाप थोरल्याच्या मांडीवर दिला ना. थोरल्याच्या खाली घे.’ मी ती रेघ खोडली आणि दुसरी तिरपी रेघ ओढली. हे मला माहीत नव्हतं असं नाही, दादा. पण सख्खा भाऊ कागदावर चुलत होताना मी पहिल्यांदा पाहिला, तेही माझ्याच हातानं. मी म्हणाले, ‘तात्या, आपल्या घरात एकबी रेघ सरळ उतरत न्हाई का हो?’ तर म्हणाले, ‘उतरती की. धाकट्याची उतरती. थोरल्याची अडती, मंग इकडून तिकडं द्यायचं. असंच चालत आलंय.’ पाऊसपाण्याचं बोलावं तसं बोलले आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले.

तुम्ही चार वर्षांचे होता म्हणे. थोरल्यांचं घर म्हणजे मधली एक भिंत ओलांडली की पलीकडं. त्या भिंतीवरून तुम्हाला इकडं दिलं आणि त्या दिवसापासून आईला काकी म्हणायचं असं ठरलं. मला हे सगळं शेजारच्या एका बाईनं कापूस वेचताना सांगितलं, मी दहा-बारा वर्षांची असेन. मला ते एवढं नवलाचं वाटलं, की घरी येईपर्यंत दम निघाला नाही. तुम्ही जेवायला बसलेले आहात. थोरली आजी चुलीसमोर, आणि भिंतीवरून नुकतीच काकीआजीनं धपाट्यांची ताटली दिलेली, सोबत दह्याची वाटी. मी विचारते, ‘दादा, काकीआजीच तुमची खरी आई हाय म्हणं?’ थोरल्या आजीची भाकरी तव्यावर तशीच राहते. तुम्ही माझ्याकडं बघतसुद्धा नाही. ‘काकीला काकीच म्हणायचं. पुन्यांदा हे ईचारायचं न्हाई.’ एवढं म्हणून अर्ध्या ताटावरून उठून हात धुवायला गेलात. त्या दिवशी धपाटी कुणीच खाल्ली नाहीत. मी मात्र मार बसला असता तर बरं झालं असतं म्हणून गोधडीत तोंड घालून रडले.

मग काकीआजी गेली. मी तेव्हा लग्न होऊन परभणीत आलेली, बातमी कळली तशी निघाले. अंगणात तात्यांचे केस काढत होते, मिशी काढत होते, लेक म्हणून. तुम्ही भावकीत उभे, डोक्यावर टोपी तशीच. दत्तक गेलेल्याला जन्मदातीचं सुतक तीन दिवसांचं, बाकीचं लेकाचं काही नाही, असं भटजी म्हणाला आणि तुम्ही मान हलवली. मी तुमच्याकडं बघत होते. रडलाही नाहीत. मला तुमचा भयंकर राग आला, की अहो, निदान आज तरी! आणि पुढच्या सोमवारी बाजाराला म्हणून मानवतला गेलात, संध्याकाळच्या एस्टीनं परत आलात ते डोकं पार गुळगुळीत, वरच्या ओठावर काही नाही. तुमच्या मिशीशिवायचं तोंड मी पहिल्यांदा बघितलं. थोरल्या आजीनं विचारलं, ‘हे काय रं?’ तुम्ही म्हणालात, ‘उकाडा लय हाय.’ दिवस थंडीचे होते, दादा. आजीच्या खांद्यावर शाल होती. तिनं तुम्हाला गरम पाणी काढून दिलं आणि ती आत गेली. घरात कुणीच कुणाला काही विचारलं नाही.

हे सगळं आत्ताच का उगाळतेय म्हणाल, तर आता पाळी पुन्हा आली होती. भाऊ थोरल्याच्या घरचा, रेघ अडलेली. आणि भिंतीपलीकडं तात्यांच्या शेंडेफळाला तीन पोरं, त्यातलं धाकटं चार वर्षांचं. दिवाळी झाल्यावर तात्यांनी बैठक बसवली. मला आधीच कळलं होतं, म्हणून सकाळी नळावर त्या पोराच्या आईला गाठलं. पोरगीच आहे हो ती, माझ्या लेकीच्या वयाची. म्हटलं, ‘तुझी मर्जी हाय का? नसली तर मी बोलते बैठकीत, तुला बोलायची गरज न्हाई.’ तिनं घागर भरू दिली, नळ बंद केला. ‘आक्का, तीन हायेत, एक दिलं तर काय बिघडलं, असं समदे म्हणायलेत. मला आतापातूर तुमीच ईचारलं.’ मग म्हणाली, ‘पर जाऊबाईंकडं बघवत न्हाई हो. लेकरू महिना झाला त्यांच्यापाशीच झोपायलंय. त्येला घेतल्याबिगर त्यांचा डोळा लागत न्हाई. मी न्हाई म्हणले तर त्यांचं काय? आन् भिंतीपलीकडंच तर ऱ्हाईल.’ भिंतीपलीकडंच! मला ओरडावंसं वाटलं. त्या भिंतीनं काय केलं ते मी बघितलंय. पण तिच्यावर कशाला ओरडायचं?

बैठकीत मी बोलले. बायकांनी बोलायचा रिवाज नाही, पण माझ्या तोंडाला कोण हात लावणार. वहिनी दाराच्या आड उभी होती, तिच्या समोर बोलायचं जिवावर आलं होतं, तरी बोलले. म्हटलं, वहिनीला जमीन मिळेल, घर मिळेल, मी माझा हक्क सोडते, मला काही नको. पण लेकरू आईजवळ राहू द्या. लागलं तर त्याला रोज इकडं जेवू घाला, शिकवा, त्याच्या नावावर करायचं ते करा, फक्त त्याची आई बदलू नका. आणि मग जे आपल्या घरात कधीच कुणी तोंडावर बोललं नव्हतं, ते बोलले. मानवतचा सोमवार सांगितला. टोपी सांगितली. थंडीतला उकाडा सांगितला. सगळे खाली बघायला लागले. मला वाटलं, झालं, आता कुणी पुढं बोलणार नाही.

तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला बोलू. म्हणाले, ‘मला म्हाईत हाय ते. माझंच डोकं भादरलेलं हुतं, त्येचं बघून मला काय कळलं नसंल? पर आक्के, मला एक सांग. तुझ्या बापानं जिंदगीत कधी ब्र काढला का? थोरलीची सेवा केली, आपल्या मायला काकी म्हणला, जमीन राखली, घराची इज्जत राखली. एक दिवस कुरकुरला न्हाई. म्हणून तर म्हणायलोय मी. पोराला काय हुत न्हाई. हे आपल्या घरचंच उदाहरण हाय.’ सगळ्यांनी माना हलवल्या. आणि मी गप्प झाले, दादा. कारण तुम्ही खरंच कधी बोलला नव्हता. माझ्याजवळ तुमचा एक शब्द नव्हता, जो मी त्या बैठकीत त्यांच्या पुढ्यात ठेवू शकले असते. एक डोकं होतं भादरलेलं, आणि त्यालाही तुम्ही उकाडा म्हणून ठेवलं होतं.

कामून असं केलंत? एकदा तरी बोलायचं होतं. मला नाही तर आईला, आईला नाही तर बैलाला, पण कुणाच्या तरी कानावर पडेल असं. तुम्ही सोसलंत ते मोठेपणानं सोसलंत असं लोक म्हणतात, मीही म्हणत आले. आता नाही म्हणवत. तुम्ही गप्प राहिलात आणि तुमचं ते गप्प राहणं दुसऱ्या लेकराच्या कामी आणलं लोकांनी. तुम्ही गेल्यावर मी तुमच्यावर एवढी चिडेन असं मला वाटलं नव्हतं.

मार्गशीर्षात पोराला मांडीवर दिलं. वहिनीला पाटावर बसवलं, नवी साडी, कपाळ मोकळंच. पोराला टोपी, नवे कपडे, हातात पेढा. त्याच्या आईनं त्याला उचललं आणि वहिनीच्या मांडीवर ठेवलं, हात काढून घेताना तिनं जरा वेळ लावला, बाकी काही नाही. बायका त्याला शिकवायला लागल्या. ‘आता आई कोण? ही. आन् ती? काकी म्हण, काकी.’ पोरगं हसत होतं, त्याला तो खेळ वाटला. एकदा चुकलं, एकदा बरोबर म्हणालं, तसा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनीनं त्याला छातीशी धरलं. चैत्रानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं, आणि तेही मला नकोसं झालं नाही, हे सांगायलाच पाहिजे. वंशावळीत भावाच्या खाली मी नाव लिहिलं. रेघ तिरपीच आली.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले होते. पोरगं अंगणात चाक पळवत होतं, दगडाला अडखळून तोंडावर आपटलं. गुडघा फुटला. वहिनी आत तिळाचे लाडू वळत होती, त्याची आई भिंतीपाशी धुणं वाळत घालत होती. पोरानं तोंड वर केलं, श्वास कोंडलेला, आणि मग हंबरडा फोडला तो तिच्याकडं बघून, ‘काकीऽऽ!’ पडल्यावर, दुखल्यावर, जी हाक आपोआप तोंडातून येते, ती. हातातलं धुणं टाकून ती म्हणाली, ‘ओ.’ भिंतीजवळ आली, आणि वहिनी पळत बाहेर येताना दिसली तशी तिथंच थांबली. वहिनीनं त्याला उचललं, गुडघ्याला हळद लावली, कुरवाळलं, तो तिच्या खांद्यावर निपचित झाला. मी ओसरीवर बसून बघत राहिले.

निघताना वहिनीनं माझ्या हातात लाडूंचा डबा दिला, पोराला म्हणाली, ‘आत्याच्या पाया पड. म्हण, राखीला ये.’ तो म्हणाला, ‘राखीला ये, आत्या.’ आणि आता जे लिहिते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, सांगणारही नाही, तुम्ही वाचणार नाही म्हणून लिहिते. मी त्या लेकरासाठी भांडले ते खरंच भांडले. पण एस्टीत बसले, डबा मांडीवर घेतला, आणि पहिला विचार मनात आला तो हा, की आता घराला कुलूप लागणार नाही. मला माहेर राहिलं. लय बरं वाटलं, दादा.