मिरजगावचा फसलेला सत्कार

ती. राधाकृष्णमामांस,
वैजनाथचा सावेडीच्या दिशेने वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? (तुम्ही म्हणता दुखतात, मामी म्हणतात नाटक, मी सध्या मामींच्या बाजूने आहे.)

मामा, आपलं वसतिगृह वाचलं! आनंदाच्या भरात लिहितोय, अक्षर सांभाळून घ्या. वसतिगृहाचा खर्च देणाऱ्या कंपनीची मदत बंद झाल्याचं मी इथे कुणालाच सांगितलं नव्हतं. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला निघाले की आपली मुलंही शाळा सोडून फडावर जाणार, या विचाराने जेवण जात नव्हतं. म्हटलं, वर्षानुवर्षं फुकट राबणाऱ्या आपल्याच माणसांकडे दरमहा वर्गणी मागावी. पण मागायचं कोणत्या तोंडाने? पुण्याच्या एका शिबिरात सांगितलं होतं, आधी आभार माना, मग मागा. मी लगेच शाल-नारळ आणून रीतसर सत्कारच ठेवला. आपल्याकडे शाल-नारळ माणसाला कधी देतात, हे डोक्यातच आलं नाही!

मी भाषणात ‘तुमची सेवा संस्था कधीही विसरणार नाही’ एवढं म्हणालो मात्र, रविवारी भाकरी करणाऱ्या छबूबाईंनी नारळ टेबलावर आपटला. ‘‘मला काढायचं हुतं तर तोंडावर सांगायचं! माझ्या जागी कोन आनली?’’ बाजारातून भाजी आणणाऱ्या फैयाजला वाटलं, टेम्पो जुना झाला म्हणून त्याला निरोप. इंग्रजी शिकवणारी मोनिका तर शाल घडी करून परत द्यायला उठली. (घडी फार सुरेख घातली होती.)

शेवटी मी घाबरून खरं ते बोलून टाकलं. मग छबूबाई दुसऱ्यांदा भडकल्या. ‘‘येवढे दिवस का न्हाई बोलला? आमी काय परके हाय? डेरीवाल्याला सांगा, माझ्या दुधाच्या बिलातून दर महिन्याला कापून घे म्हनावं.’’ फैयाज म्हणाला, महिन्यातून एका बाजाराचं भाडं पोरांचं. मोनिकाने तिथेच मोबाईलवर बँकेला दरमहा वर्गणी वळती करायची सूचना देऊन टाकली. मामा, मी सगळ्यांसमोर रडलो, आणि मला त्याची लाज वाटत नाही. ज्यांनी एवढं केलं त्यांच्यापुढे आणखी हात कसा पसरायचा, असं मला वाटत होतं. त्यांचा राग एकच, की आधी विचारलं का नाही.

मामींना साष्टांग नमस्कार.
आपला भाचा,
वैजनाथ

ता.क. : तुम्ही दर उन्हाळ्यात येऊन मुलांना गणित शिकवता, त्याबद्दल येत्या रविवारी तुमचा सत्कार ठरवला आहे. कृपया चिडून यावे.

पुन्हा ता.क. : मामींनाही आणा. तुम्हाला चिडायला फार वेळ लागतो.