नेम, स्प्रिंग आणि थंडोबा

३ मार्च, सोमवार
माझी एअर रायफल बिघडलेली आहे. आजच लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की हरल्यावर कारणं सांगतो.

काल नेमबाजीच्या क्लबात सराव. माझे छर्रे चार दिशांना. एक तर निशाण्याच्या कार्डाच्या बाहेर, थेट लाकडी चौकटीत. क्लबच्या टीमचा कॅप्टन मी, आणि माझा छर्रा चौकटीत! शेजारच्या लेनला थंडोबा. थंडोबा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याला राग येत नाही, घाई होत नाही, शिंकसुद्धा हळू येते. म्हणून हे नाव मीच ठेवलं. त्याला क्लबात आणला तोही मीच. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा! त्याचे सगळे छर्रे मध्यभागी. वर मला म्हणे, दाजी, फार आवळताय, ढिली धरा. स्प्रिंगची रायफल सुटताना उडी मारते, तिला मारू द्या म्हणे.

उडी मारू द्या! रायफल आहे का बेडूक?

कोचसाहेबांनी जाहीर केलं की स्पर्धेच्या टीममधल्या तीन जागा ठरल्या. चौथीसाठी २३ तारखेला चाचणी. मी विरुद्ध थंडोबा. कॅप्टनची चाचणी! ऑफिसात माझं कोणी ऐकत नाही. घरात ऐकतात, पण करत नाहीत. या जगात मला विचारून काही होत असेल तर ते त्या क्लबात. ती जागा मी सोडणार नाही. मेलो तरी नाही.

५ मार्च
सापडलं! दस्त्याचे स्क्रू ढिले होते. बायकोला मुद्दाम बोलावून दाखवले. ती म्हणाली, मग घट्ट करा ना, मला कशाला दाखवताय. केले. चांगले मनगट दुखेपर्यंत केले. एका स्क्रूचं डोकं झिजून गुळगुळीत झालं. आजकाल स्क्रूसुद्धा धड मिळत नाहीत.

सायंकाळी गच्चीवर, चिंध्या भरलेल्या खोक्यावर नेम. फरक पडला. आता छर्रे सगळे डावीकडे जातात. ही प्रगती आहे.

८ मार्च
छर्रे सारख्या वजनाचे नसतात. कंपन्या लुटतात नुसत्या. स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन टेबलावर बसलो. एकेक छर्रा ठेवला. काटा जागचा हलेना. काटाही बिघडलेला. बायको म्हणाली, तो पिठासाठी आहे. तिनं काटा धुतला, आणि मग पुन्हा धुतला. माझ्यावर इथे देशोधडीला लागायची वेळ आलीय आणि हिला पिठाची पडलीय.

९ मार्च
नळीत तेल घातलं. भरपूर. कंजुषी माझ्या स्वभावात नाही.

पहिल्याच बाराला तेल पेटून ठो! निळा धूर, कानात शिट्टी. खालचे भाडेकरू जिन्यात येऊन विचारू लागले, सिलिंडर फुटला का? मी म्हटलं, सराव. ते दारं-खिडक्या लावून बसले. एवढ्या ताकदीनं गेलेला छर्रा गेला कुठे, ते कळलं नाही. ताकद मात्र आहे. दिशा काय, देता येईल.

१२ मार्च
रायफलीवर स्कोप बसवला, नेमाची दुर्बीण. भलामोठा. बायकोनं किंमत विचारली. मी विषय बदलला. तिनं पुन्हा विचारली. मी गच्चीवर गेलो.

१५ मार्च
दुरुस्तीवाल्याकडे जाऊन स्प्रिंग बदलून घेतली. जड घातली. तो म्हणत होता की जड स्प्रिंगनं धक्का वाढतो, नेम नाही. मी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि सांगितलं, सगळ्यात जड आहे ती दे.

परत येऊन पहिला बार. स्कोपमधली फुली निखळून आतच लोंबकळायला लागली. दुसरा बार पाण्याच्या पाइपाला. गच्चीवर कारंजं! बायको बादली घेऊन धावत आली. पाइप बघून म्हणाली, भोक अगदी बरोबर मध्यभागी पडलंय हो. मी चिडलो. तिला म्हटलं, तुला भावाचाच पुळका. ती म्हणाली, मला पाण्याचा पुळका आहे, आधी बोट लावा त्या भोकावर. प्लंबर येईपर्यंत बोट लावून बसलो. कॅप्टन!

स्कोप काढून टाकला. साध्या डोळ्यानं नेम धरीन. स्प्रिंग मात्र राहणार. शब्द म्हणजे शब्द.

१७ मार्च
संकल्प: राग बंद. राग आला की मनात दहापर्यंत मोजायचं.

१७ मार्च, सायंकाळी
सहापर्यंत मोजलं. तेवढ्यात थंडोबा आला. दाजी, माझी रायफल वापरून बघा म्हणे. माझी! याच्या घरी मी पोरगी मागायला गेलो होतो तेव्हा हा शेंबूड पुसत होता. मी म्हटलं, चालता हो. तो निघाला. जाताना चप्पल नीट शेजारी-शेजारी जुळवून मगच पायात घातली. इतका संताप आला की मोजणी सहावरच राहिली.

२३ मार्च, दुपारी
जिंकलो! कोचसाहेब कार्डं आणायला गेलेत, मी बाकावर बसून लिहितोय. 

काय झालं, तर मी आणि थंडोबा शेजारी-शेजारी. सबंध वेळ माझं लक्ष त्याच्याकडे. कसा उभा राहतो, कसा श्वास सोडतो, आणि सारखी नजर त्याच्या कार्डावर. असा तळतळाट झाला की हातातल्या रायफलीचं भानच राहिलं नाही. आणि मग ती अशी चालली! एकेक बार लोण्यासारखा. इथून भोकं दिसत नाहीत, पण नेमबाजाला कळतं. स्प्रिंग! मी म्हणत नव्हतो?

२३ मार्च, थोड्या वेळानं
माझं कार्ड कोरं आहे.

थंडोबाच्या कार्डाची मधली काळी जागाच उरलेली नाही. माझे सगळे छर्रे त्याच्या कार्डावर. कार्डं बदलली म्हणून मी आरडाओरडा केला. कोचसाहेबांनी कार्डांवरचे लेनचे नंबर दाखवले. नियम म्हणे असा, की कोणतं भोक कोणाचं हे सांगता येत नसेल तर त्यातली चांगली भोकं कार्डवाल्याची. म्हणजे माझी दहा-दहा गुणांची भोकं त्या थंडोबाला! माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर नेमबाजी!

२४ मार्च
विचित्र प्रकार. थंडोबा घरी आला आणि चक्क पाया पडला. त्याला वाटतंय, मी मुद्दाम केलं. घरच्या माणसाला जागा मिळावी म्हणून. बायकोच्या डोळ्यांत पाणी. इतक्या वर्षांत तुम्हाला ओळखलंच नाही म्हणाली. मी आशीर्वाद देऊन टाकला. दुसरं करण्यासारखं होतं काय?

२६ मार्च
शांतपणे विचार केला. मी ते मुद्दामच केलं असावं. नकळत. नाहीतर एवढे छर्रे चुकून एकाच कार्डावर कसे जातील? चुकणारा माणूस इतका बिनचूक चुकत नाही. ऑफिसात ही हकीकत सांगितली. दोघांनी ऐकली.

२७ मार्च
सत्यानाश. थंडोबानं कोचसाहेबांना सांगितलं, दाजींची दान केलेली जागा मला नको, पुन्हा चाचणी घ्या. कोणी सांगितला होता याला चांगुलपणा? घेतलीस जागा तर गप बस ना! आता नाही म्हणावं तर का ते सांगावं लागेल. बायको म्हणाली, मीही बघायला येते.

२९ मार्च
कोचसाहेबांनी आज सबंध रेंजवर एकच कार्ड टांगलं. एका वेळी एकानंच मारायचं म्हणाले.

मी पहिला. जीव तोडून रायफल आवळली. दात, खांदा, मूठ, सगळं आवळलं. ही जागा गेली तर उद्यापासून मी कोण, एवढंच डोक्यात. कार्ड आलं. एक छर्रा वर, एक खाली, बाकीचे कुठे ते चौकटीला माहीत. मी म्हटलं, बघा, रायफल! बघा, मी महिनाभर काय सांगतोय! स्वतः चालवून बघा!

थंडोबानं खरंच चालवून बघितली. झोपलेलं मूल उचलावं तशी तळव्यावर घेतली. धरलीच नाही म्हणा ना. ती उडाली, त्यानं उडू दिली. नवीन कार्डावर सगळे छर्रे एकात एक. माझ्याच रायफलीनं. त्या जड स्प्रिंगसकट.

मग तो हळूच म्हणाला की रायफल उत्तम आहे, दाजी, तुम्ही हिच्यावर फार मेहनत घेतलीत. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, तिथेच त्याचं काय करायचं ते केलं असतं. कोचसाहेब खाली मान घालून कार्डं गोळा करत होते. स्पर्धेसाठी हीच न्यायची का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, ने.

येताना बायको सोबतच होती. २३ तारखेला मी मुद्दाम केलं होतं का, हे तिनं विचारलं नाही. घरी आल्यावर चहा ठेवला आणि माझ्या कपात साखर जास्त घातली.

आता बसून आठवतोय की चूक कोणाची. स्क्रू, छर्रे, तेल, स्कोप, स्प्रिंग, सगळ्यांचं झालं. नवीन कोणी सुचत नाही. मघापासून राग येण्याची वाट बघतोय. येत नाहीये. नुसतं वाईट वाटतंय.