अक्काच्या गालातला डाग

६ जाने., सोम.
ऑपरेशनला दोन वर्षं झाली. तोंड अडीच बोटं उघडतं. आज भाकरी खाल्ली, दुधात कुस्करून का होईना. देवाचे आणि अक्काचे उपकार. थोरली बहीण, पण स्वतःचं घर सोडून तीन महिने इथं धारूरला राहिली, चमच्यानं पेज भरवली.
वीस वर्षं शाळेत पोरांना तंबाखूचे तोटे शिकवले, खिशात चुन्याची डबी ठेवून. मला तोंडाचा कॅन्सर झाला यात नवल नाही. पण दादा, आमचा थोरला भाऊ, जन्मभर मेंढरांमागं तंबाखू चघळतोय आणि ठणठणीत. अक्काला दिवसातून चारदा मिसरी लागते, तिलाही काही नाही.

९ जाने., गुरु.
संशोधनवाल्या मॅडमचा फोन. एकाच घरात, सारख्याच सवयी, तरी एकाला कॅन्सर होतो नि दुसऱ्याला नाही, ते का, हे शोधताहेत. तंबाखूचं विष निपटायची ताकद जन्मतःच कमी-जास्त असू शकते म्हणे. आम्हा तिघा भावंडांचं रक्त आणि थुंकी हवी.
दादा : "माझ्या थुकीला एवढा मान? देतो की."

१५ जाने., बुध.
मॅडम आल्या. तोंड स्वच्छ करून, उपाशी बसा, असा निरोप होता. दादानं चूळ भरली. संक्रांतीला आलेल्या अक्कानं तव्यावर ताजी तंबाखू भाजली, तिची मिसरी केली आणि दात घासघासून घासले. थुंकी काळीकुट्ट. मॅडम बघतच राहिल्या.
"तुमीच म्हनलात की बाई, तोंड साफ करा. मग कशानं करू?"
जबडा दुखेपर्यंत हसलो. मॅडम अक्काला म्हणाल्या, आ करा, पुसून घेते. पुसता पुसता त्यांचा हात थांबला. डाव्या गालाच्या आत पांढरा डाग. पुसला तरी जाईना.

१८ जाने., शनि.
बीडला दवाखान्यात. डागाचा तुकडा तपासायला दिला. डॉ. म्हणाले, असा डाग म्हणजे कॅन्सरच असं नाही, पण लवकर आलात हे बरं. मी माझा फोड आठ महिने लपवला होता. अक्काला लपवायला वेळच मिळाला नाही. त्या मेल्या मिसरीचेच आभार मानायची पाळी. निकाल २७ला.
मॅडमना विचारलं, रक्तातून आमचं भविष्य कळेल का? "एकेकाचं नाही सांगता येणार, गुरुजी. शेकडो घरं ताडून बघायचीत. पण रक्त कसंही असो, मिसरी सुटली पाहिजे." प्रामाणिक बाई. बरं वाटलं.
येताना मांजरसुंब्याला चहा. अक्कानं अर्धा कप तसाच ठेवला.

२० जाने., सोम.
सकाळी अक्का : "एक सांगू? सुमनला मिसरी मीच लावली. बाळंतपणात दाढ दुखत होती तिची. आता सुटत न्हाई म्हनती."
सुमन, माझी पोरगी. माजलगावला दिलेली. सहा वर्षं झाली बाळंतपणाला, आणि मला पत्ता नाही. लई राग आला. उठून बाहेर गेलो. परत आलो. हिनं भरवलं म्हणून जगलो, हिच्यावर किती वेळ रागवायचं.
अक्का : "माझं काय बी निगू दे. रक्त तुझं हाय तिच्यात. तिचं तोंड बघ आदी."

२१ जाने., मंगळ.
सुमनला फोन. रडली. रविवारी येते म्हणाली.

२६ जाने., रवि.
सुमन आली. अंगणात उन्हाकडं तोंड करून बसवली. अक्कानं तिचा हात धरला. आ कर म्हणालो. मला काही दिसलं नाही, पण माझं बघणं काय कामाचं. उद्या अक्काचा निकाल, तिघं बीडला.
निजायला जाताना अक्का म्हणाली, "उद्या आदी हिला दाखव. माझा कागद मागनं घे."
तसंच करतो.