बाबांचा मीटर आणि माझा खेकडा

३ फेब्रुवारी, मंगळवार

क्लॅम्प मीटर आला एकदाचा! चार महिने डोक्यात तेच होतं. बाबांनी खोक्यातून काढला, जबडा दोनदा उघडून मिटला आणि म्हणाले, "खेकडा आहे." झालं, नाव पडलं.

आई हसली. मला नाही हसू आलं. मशीन बंद न करता वायरीभोवती जबडा अडकवायचा की करंट समोर – यात हसण्यासारखं काय? बाबांच्या मल्टिमीटरने करंट बघायचा तर मशीन बंद करा, वायर सोडवा, मध्ये मीटर जोडा, परत चालू करा. तोवर गिऱ्हाइकाचं दहा वेळा घड्याळ बघून होतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

लाँड्रीतल्या ड्रायरच्या कंट्रोल सर्किटचा एक अँपिअरचा फ्यूज सारखा उडतोय. खेकडा लावला – शून्य दशांश सहा. म्हणजे करंट ठीक, फ्यूजच हलक्या दर्जाचे. लाँड्रीवालीला तसं ठणकावून सांगितलं.

बाबा मागून म्हणाले, "त्याला मोठी कामं दे. शंभर, दोनशे अँपिअर. एवढ्याशा करंटचा त्याला अंदाज येत नाही. माझा मीटर मध्ये जोडून बघू."

"मुलीचं काम चटकन होतं हो," लाँड्रीवाली म्हणाली.

"बाबांना काय, संध्याकाळपर्यंत वेळ आहे," मी म्हणाले.

ती खो खो हसली. बाबाही हसले, पण मीटर पिशवीतून काढलाच नाही. कशाला बोलले? जीभ चालवल्याशिवाय मला चैनच पडत नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

फ्यूज पुन्हा उडाला. बाबा खाली चहाला गेले तेव्हा त्यांचा मीटर हळूच काढला. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा मी शाळेत होते तेव्हापासूनचा नियम. लाल वायर व्होल्टच्या भोकातून काढून दहा अँपिअरच्या भोकात घातली, मीटर जोडला. एक दशांश एक. म्हणजे बाबा बरोबर आणि खेकडा साफ चूक.

जिन्यावर बाबांची चप्पल वाजली. ड्रायरची वायर जागेवर लावली, मीटर पिशवीत कोंबला आणि साळसूदपणे उभी राहिले. "मला वाटतं आतली कॉइल जास्त करंट खातेय," म्हणाले – जसं काही माझ्याच डोक्यातून निघालं.

"शाब्बास," बाबा म्हणाले. ती शाबासकी मी घेतली.

७ फेब्रुवारी, शनिवार

बाबा भाजले.

८ फेब्रुवारी, रविवार

झोप नाही. लिहून काढते.

बर्फाच्या कारखान्यातलं मेन पॅनेल. व्होल्टेज पुरतं येतंय का, एवढंच बघायचं होतं. बाबांनी मीटर काढला, पिशवीसकट. आईने जुन्या पर्सच्या चामड्याची शिवली आहे ती – आकडे दिसतात, खालची भोकं झाकलेली राहतात. त्यांनी दोन फेजवर टोकं टेकवली आणि डोळ्यांसमोर नुसता जाळ.

लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात होती. मी घातलेली. मी तिथेच विसरलेली. तशा मीटरने व्होल्ट बघणं म्हणजे दोन फेज तारेनेच जोडणं, सरळ शॉर्टसर्किट.

काम झालं की लाल वायर परत व्होल्टच्या भोकात, मगच पिशवीचं बटण – ही बाबांची छत्तीस वर्षांची सवय. म्हणून तर ते पुन्हा उघडून बघत नाहीत.

उजवा तळहात गेला सोलून. उजव्या डोळ्यावर पट्टी. स्ट्रेचरवर एकच सारखं म्हणत होते, "लाल वायर मी तशीच ठेवली? अशी कशी ठेवली?"

मी शेजारीच उभी होते. 

१५ फेब्रुवारी, रविवार

बाबा घरी आले. उजव्या डोळ्याला आता सावल्यांपलीकडे काही दिसणार नाही, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

आज सांगणार होते. तोंड उघडलं आणि आई औषध घेऊन आली. आई आली नसती तर दुसरं काही निमित्त सापडलं असतं, मी ओळखून आहे मला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांनी घरभर चिठ्ठ्या लावल्यात. डाव्या हाताचं वेडंवाकडं अक्षर. 'गॅस बंद केला का.' 'नळ.' 'किल्ली खिशात.' जेवल्यावर काय जेवलो ते स्वतःशीच म्हणून बघतात.

आईला म्हणाले, "थोरल्याचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या विसरला, मग आम्हाला."

मोठ्या काकांचे शेवटचे दिवस मी पाहिलेत. बाबांना हाताचं नाही, डोळ्याचंही नाही, त्या विसरण्याची भीती आहे. एका वाक्यात घालवता येईल अशी भीती. आणि ते वाक्य माझ्या तोंडातून निघत नाही.

२ मार्च, सोमवार

बर्फाच्या कारखान्याचा मॅनेजर म्हणतो, "तुमचा नवा मीटर असता तर हे झालंच नसतं. वडिलांचा हट्ट नडला." मी "हं" म्हणाले. हं! लाज कशी नाही वाटली?

५ मार्च, गुरुवार

बाबांच्या स्मरणशक्तीची तपासणी. तीसपैकी एकोणतीस. डॉक्टर म्हणाल्या, "माझे एवढे यायचे नाहीत."

बाबांना पटेना. परतताना म्हणाले, "मग ती वायर तिथे घातली कुणी? भुताने?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर.

घरी आल्यावर आईने स्वयंपाकघरात मला गाठलं. "त्या पिशवीला हात लावणारं दुसरं आहे कोण? तू सांगतेस की मी सांगू?"

"रविवारी सांगते. नक्की."

८ मार्च, रविवार

नाही सांगितलं. सकाळपासून बाबा टेबलाशी बसून डाव्या हाताने सही गिरवत होते. दोन पानं भरली. तोंडाने काहीतरी गुणगुणत होते. महिनाभरात पहिल्यांदाच इतके शांत दिसले, ती शांतता मोडवेना. बँकेचं काही असेल. विचारलंही नाही.

९ मार्च, सोमवार

आई माझ्याशी बोलत नाही. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून एकटेच कुठेतरी जाऊन आले.

१० मार्च, मंगळवार

सांगितलं. लाँड्री, चहा, जिना, सगळं.

बाबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "माझ्या मीटरने किती दाखवला होता?"

"एक दशांश एक."

"आणि खेकड्याने?"

"शून्य दशांश सहा."

"म्हणजे मी बरोबर होतो." चेहरा असा खुलला! उठून फ्रिजवरची चिठ्ठी काढली, मग दारावरची. तिसरी काढता काढता थांबले.

काल ते वायरमनचं लायसन्स परत करून आलेत. अर्जात लिहून दिलंय – स्मरणशक्तीचा भरवसा राहिला नाही. नवीन काढायचं तर दोन्ही डोळे चांगले लागतात; जुन्याला कुणी विचारत नव्हतं.

चिठ्ठी हातातच होती. म्हणाले, "परवा सांगायचं होतंस गं."