जपानी बाप्याच्या छातीतला माणूस

उदगीर,
वैशाख, नळ येऊन गेल्याचा सतरावा दिवस

चिरंजीव शिवमूर्ती यास आजी बसम्माचा शरणार्थ आणि आशीर्वाद. आशीर्वाद कोरडाच धाडते आहे, शिंपडायला पाणी नाही. गोड मानून घे.

तुझी तब्येत कशी आहे? हैदराबादच्या तिखटानं पोट बिघडतं का अजून? इकडं आम्ही सगळे जागच्या जागी आहोत. माझे गुडघे दुखायच्या जागी, तुझी आई घागरींच्या रांगेच्या जागी, आणि तुझा बाप शरणप्पा आडतीच्या गादीवर. यंदा मालच आला नाही, त्यामुळं तो दिवसभर रिकाम्या काट्याकडं बघत बसतो आणि घरी येऊन माझ्याकडं तसंच बघतो. लातूरला रेल्वेनं पाणी आलं हे तू पेपरात वाचलंच असशील. मी त्याला विचारलं, पाण्याला तिकीट काढावं लागतं का फुकट बसता येतं? त्यावर तो उठून बाहेर गेला. तुझ्या बापाला पहिल्यापासूनच माझे प्रश्न पचत नाहीत.

दुसरी खबर म्हणजे आपला जिल्हा होणार म्हणतात. चौकातल्या कापडवाल्यानं पाटीवर 'जिल्हा उदगीर' लिहूनसुद्धा घेतलं. म्हणाला, झाल्यावर पेंटर भेटायचा नाही. मी हे एकदा बघितलेलं आहे. लातूरचा जिल्हा झाला तेव्हा तुझे आजोबा असेच हरखले होते. म्हणायचे, कचेऱ्या आल्या की भिंतीवर घड्याळं येतील, सरकारी घड्याळं म्हणजे महिन्यात बंद पडतील, आणि बंद पडली की गुरुपादप्पाच्या दुकानात येतील. (नाव मी घेतलेलं नाही. मी 'ह्यांच्या दुकानात' असं म्हणाले होते, कोंडाबाईनं आपल्या मनानं लिहिलं, वाचून दाखवताना कळलं.) आलं एकच घड्याळ, तेही साहेबाच्या बायकोच्या मनगटाचं, आणि त्याचा नुसता पट्टा तुटलेला होता.

ही कोंडाबाई म्हणजे आपल्या गल्लीतली अंगणवाडीवाली. दुपारी लेकरं घरी गेली की माझ्याकडं येते, मी सांगते, ती लिहिते. माझं 'न्हाई' झालं की ती 'नाही' करते, 'लई' झालं की 'फार' करते, सरकारी बाई आहे. मी सोडून देते. तुझ्या आईला लिहायला लावलं असतं तर ती पहिल्या ओळीपासून रडली असती, आणि या उन्हाळ्यात अंगातलं पाणी असं घालवणं बरं न्हाई. (हे 'न्हाई' बसम्मा अक्कांनी हट्टानं ठेवायला लावलं आहे. – कोंडाबाई.) आणि फोन सोडून पत्र कशाला, तर फोनवर तू चार वेळा 'हाव आजी' म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्र मधेच ठेवून देता येत नाही. म्हणजे येतं, पण ते तिथंच पडून तुझ्याकडं बघत राहतं.

तर आता मुद्दा. मागच्या सोमवारी तू बापाला फोनवर सांगितलंस म्हणे, की कपाटातले ते सगळे जपानी रोबो औशाच्या निवृत्तीला देऊन टाका, मला नकोत. निवृत्ती तुझा आतेभाऊ, त्याला मोबाईलच्या दुकानात काचेमागं मांडायला पाहिजेत. येत्या सोमवारी तो गाडी घेऊन येणार. मला कुणी विचारलं नाही. मी या घरात साठ वर्षं आहे आणि त्या कपाटावरची धूळ गेली सात वर्षं मीच पुसते, एकेकाची तलवार काढून, पुसून, परत हातात देऊन.

ते कसे आले हे तुला सांगायला नको, पण मी सांगणार आहे, कारण तू विसरलास असं दिसतं. घड्याळं मोबाईलात गेली आणि दुकानात माशीसुद्धा वेळ विचारायला येईना, तेव्हा तुझे आजोबा घरी बसून नुसते हाताची बोटं हलवत राहायचे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी तू हैदराबादहून तो पहिला डबा आणलास. आत काय, तर प्लॅस्टिकच्या जाळ्या आणि त्यांना लटकलेले बारीक बारीक तुकडे. मला वाटलं दुकानदारानं फसवून भंगार दिलं. पण ह्यांनी डोळ्याला भिंग लावलं, चिमटा काढला, आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा मला म्हणाले, "बसम्मा, चहा ठेव, काम आलंय." त्या दिवसापासून प्रत्येक सुट्टीत तू एक डबा आणायचा आणि तुम्ही दोघं ओसरीवर मांडी घालून बसायचा. मी फार टोमणे मारले. म्हातारपणी बाहुल्या खेळून राहिले म्हटलं. असे अकरा बाप्ये उभे राहिले. मी त्यांना बाप्येच म्हणते, रोबो म्हणायला माझी जीभ वळत नाही.

मठाचे स्वामी घरी आले होते तेव्हाचं तुला माहीत नाही. पाद्यपूजा झाली, तीर्थ झालं आणि उठताना त्यांची नजर कपाटात गेली. शिंगवाला बाप्या, हातात ढाल-तलवार, डोळे पिवळे. स्वामींनी बराच वेळ बघून विचारलं, हे कुठलं दैवत? तुझा बाप गोरामोरा झाला. मी म्हणाले, जपानचा वीरभद्र आहे, नवसाला पावतो, पण नवस जपानीत बोलावा लागतो. स्वामींनी हात जोडले. मोठा माणूस, कुणालाही नमस्कार करायला लाजत नाही.

आता बाराव्याचं. कमरेपासून खाली तयार आणि वर काही नाही, असा तो अर्धा बाप्या दोन वर्षं डब्यात पडून आहे. निवृत्तीनं फोनवर सांगितलं, "मामी, पुरे झालेले तेवढे बांधून ठेवा, अर्धवट असेल ते टाकून द्या." टाकून द्या! ते दोन्ही पाय ह्यांच्या हातचे आहेत. गुडघा वाकतो बघ त्याचा, माझा वाकत नाही. मी त्याच दुपारी डबा खाली काढला, म्हटलं पुरा करून दाखवते.

तुझं कटर शोधलं तर सापडेना. मग तुझ्या आईनं सांगितलं, ते तू हैदराबादला नेलंस. (बाप्ये नकोत म्हणतोस आणि कटर मात्र उशाला घेऊन बसतोस, हे माझ्या ध्यानात आहे. पुढं लिही कोंडाबाई.) मग मी सुपारीचा अडकित्ता घेतला. झकास काम करतो. तुकडे मिसळणाच्या डब्यात वेगवेगळे घातले: हात हळदीत, डोकं मोहरीत. बाप्याच्या एका खांद्याला अजून जरा पिवळेपणा आहे, तो रंगच आहे असं समज.

आणि त्यातला कागद! शिवमूर्ती, तो कागद मी तुझ्या बापाला दाखवला. बी.कॉम. झालेला माणूस, त्यानं आधी उलटा धरला, मग सुलटा धरला, मग चष्म्याला दोष दिला. तुझ्या आईला दाखवला, कोंडाबाईला दाखवला. कोंडाबाईला ए-बी-सी तेवढं लागलं, बाकी जपानी कुणालाच वाचता येईना. मी आयुष्यभर बसची पाटी दुसऱ्याला विचारत आले, रेशनकार्ड दुसऱ्याकडून वाचून घेतलं, आणि त्या दिवशी अख्खं घर माझ्या ओळीत येऊन बसलं! फरक इतकाच की त्यांना सवय नव्हती. मला आहे. अक्षर सोडून बाकी सगळं बघायची मला सवय आहे. बाण कुठं जातो, अंगठा कुठं दाबतो, काय आधी काय मग, सगळं चित्रात आहे. आकडे मला कॅलेंडरामुळं येतात. अक्षरांना मी माझी नावं दिली: एक तिवई, एक पोटुशी बाई, एक विळा. विळ्यातला सातवा तुकडा पोटुशीतल्या चौथ्यात बसतो. तुझा बाप म्हणाला, "आई, तुला वाचता यायला लागलं की." मी म्हणाले, तुला येत नाही तेवढंच मला येतं.

सहा दुपारी लागल्या. डावा हात उजवीकडं बसवला, तो उपसून काढला. ते नंबराचे बारीक स्टिकर पाण्यात भिजवून चिकटवायचे असतात, म्हणून मी माझ्या वाटणीचं पाणी एका वाटीत घेतलं आणि डुलकी काढली. तुझा बाप उन्हातून आला, वाटीत पाणी दिसलं, प्यायला. खांद्यावरचा नंबर त्याच्या पोटात गेला. आता तो जपानी सरकारचा माणूस आहे, आडत बंद पडली तरी पेन्शन मिळेल.

मग राहिली छाती, बारीक काम म्हणून मी ती शेवटी ठेवली होती. आणि छातीत बसायचा तो माणूस. तुला माहीत आहे, तुरीच्या डाळीएवढा, या एवढ्या मोठ्या सोंगाला आत बसून चालवणारा. मी तो परातीत ठेवला होता. त्याच परातीत तुझी आई डाळ निवडायला बसली, आणि खडा समजून तिनं त्याला अंगणात भिरकावलं. झालं. मी, तुझी आई आणि कोंडाबाई, तिघी अंगणात ओणव्या. शेजारची सरजाबाई भिंतीवरून विचारते, काय हरवलं? मी म्हणाले, माणूस. तिनं पदर खोचला आणि आली शोधायला, कोणता माणूस हे तिनं विचारलंच नाही. सुपानं माती पाखडली. पाऊस नसल्याचा एवढा एक फायदा झाला. माती कोरडी, माणूस वाहून गेला नव्हता. माझ्याच बोटाला लागला.

तळहातावर घेतला आणि ह्यांचं भिंग लावून बघितलं. बसलेला. पाठ ताठ, गुडघे दुमडलेले, हात पुढं. मग कागद बघितला. तू जिथं थांबलास ते पान पेन्सिलीनं खूण केलेलं होतं, आणि त्याच्या पुढचं चित्र हेच: माणसाला उचला, छातीतल्या कोनाड्यात बसवा, वरून झाकण लावा.

मी तिथंच बसले, रे.

आपल्यात माणसाला निजवत नाहीत, बसवून माती देतात. त्या दिवशी खड्ड्यात उतरून आजोबांच्या पाठीला हात तू दिला होतास. आत कोनाड्यात त्यांना बसवलं, डाव्या हातात इष्टलिंग दिलं, कपाळाला विभूती लावली, तोवर तुझा हात पाठीलाच होता. "आता सोड, शिवमूर्ती," असं स्वामींना दोनदा म्हणावं लागलं. मी वर बायकांत उभी होते, मी ऐकलं. घरी आलास, चार दिवसांनी ओसरीवर डबा उघडलास, आणि पुढचं पान बघून झाकलास. आम्ही सगळे म्हणालो, नोकरीच्या नादी लागला, आळशी झाला. दोन वर्षं मी तुला आळशी म्हणत आले. सगळ्या घराला लिहिता-वाचता येतं आणि कुणी ते पान उघडून बघितलं नाही. मीही नाही.

तुला ते बाप्ये नकोत असं नाही. तुला ते झाकण लावायचं नाही. एवढंच आहे ना? असेल तर तसं सांग, निवृत्तीचं नाव मधे घालू नको.

मी बसवला त्याला. पाठीला बोट लावून बसवला, विभूतीही लावली. एवढ्याशा कपाळाला लागली ती छातीपर्यंत उतरली. झाकण लावलं. टक् असा आवाज होतो. मला वाटलं रडू येईल, पण कोंडाबाई समोर होती आणि तिला दुसऱ्या दिवशी गल्लीभर सांगायची सवय आहे. (हे खरं नाही. – कोंडाबाई.)

थोरांस नमस्कार सांगायला तिकडं तुला कुणी थोर नाहीच, तेव्हा जेवण वेळेवर कर.

तुझी आजी बसम्मा
(अंगठा)

ता. क. एक: झाकण नखानं उघडतं. पत्र सांगण्याआधी मी चारदा उघडून बघितलं. आपल्या माणसाला एकदा बसवलं की बसवलं, पण जपान्यानं एवढी सोय ठेवली आहे: माणूस बाहेर येतो, तळहातावर बसतो, परत आत जातो. हे मला फोनवर सांगता आलं नसतं, म्हणून एवढं पत्र.

ता. क. दोन: निवृत्तीला मी कालच कळवलं की बाप्ये द्यायचे नाहीत. त्याला फारच काचेत मांडायचं असेल तर तुझ्या बापाला पाठवते. तू चिडणार असशील तर इथं येऊन चीड.

ता. क. तीन: खरं काम हे. मला एक नवा डबा पाहिजे, माझ्या नावाचा. मोठ्या तुकड्यांचा बघ, नजर कमी आली आहे. पोस्टानं पाठवू नको. पोस्टमनला अंगठा द्यावा लागतो आणि त्याचं शाईचं पॅडसुद्धा यंदा वाळलेलं आहे. हातानं घेऊन ये. तुझ्या अंघोळीपुरतं पाणी मी आजपासून रांजणात वेगळं काढून ठेवते आहे. फार दिवस ठेवलं की त्यात किडे होतात, तेव्हा लवकर ठरव.