शिपायांसाठी बांधलेलं शहर

आबा, तुमचं शहर पुन्हा माझ्याकडे आलंय. टोरांटोतल्या एका शालेय प्रकाशनासाठी मी मजकूर लिहून देते. त्यांनी मागच्या महिन्यात सहा प्राचीन शहरांची यादी पाठवली, चौथीच्या मुलांसाठी, प्रत्येकी एक पान. तिसऱ्या शहरापर्यंत मी ठरल्या वेळेत होते. चौथं नाव होतं थामुगाडी, उत्तर आफ्रिकेतलं, रोमन साम्राज्याच्या अगदी कडेचं. ते वाचलं, लॅपटॉप बंद केला आणि काही संपलेलं नसताना ग्रोसरी आणायला बाहेर पडले. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली. त्याआधीची पंधरा वर्षं या शहराचं नाव घरात निघालं की कुणीतरी घाईघाईनं चहाचं विचारायचं.

तुम्हाला ते कुठे भेटलं, हे मी लहानपणापासून ऐकत आले. फौजेत सिग्नलमध्ये असताना कुठल्याशा छावणीच्या लायब्ररीत एक इंग्रजी पुस्तक होतं आणि त्यात विमानातून काढलेला फोटो. उघड्या माळावर दोरी लावून आखावेत तसे सरळ रस्ते, एकमेकांना काटकोनात छेदणारे. सुभेदार म्हणून रिटायर होऊन साताऱ्याकडच्या आपल्या गावी आलात, तेव्हा ट्रंकेत त्या फोटोची हातानं काढलेली नक्कल होती. स्वयंपाकघरात आई भाकरी थापतेय आणि तुम्ही जमिनीवर काडेपेटीतल्या काड्यांनी शहर मांडताय. "हा मेन रस्ता. हा चौक. इथं थेटर, इथं हमाम, ही लायब्ररी. बघ पोरी, कॅन्टोन्मेंटच आहे. आणि बांधलं कुणासाठी? पेन्शनर शिपायांसाठी. पंचवीस वर्षं नोकरी झाली, की जमीन आणि शहरात घर." आई तव्यावरची नजर न काढता म्हणते, "मग तिथंच भरती व्हायचं होतं. त्या काड्या पेटीत भरा, सकाळी चूल कशानं पेटवू?"

पुढे मी पुण्यात एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत उपसंपादक झाले आणि तुम्ही माझ्या नोकरीबद्दल पहिला प्रश्न विचारलात: "बाहेरच्याचं लिहिलेलं छापता का?" दोन महिन्यांनी तुमची अठरा फुलस्केप पानं आली, शीर्षकाखाली पट्टीनं मारलेल्या दोन रेघा. अर्ध्यात शहराचा उदय होता. सम्राटाचा हुकूम, पलटणीनं माळरानावर उभं केलेलं चौकोनी गाव, दक्षिणेच्या डोंगरातल्या टोळ्यांवर नजर राहावी म्हणून तिथे वसवलेले म्हातारे शिपाई. मग ते चौकोनात मावेना आणि भिंतीबाहेर वेडंवाकडं पसरलं. उरलेल्या अर्ध्यात ऱ्हास. साम्राज्याचा हात आखडत गेला, डोंगरातले लोक उतरले, शहर लुटलं गेलं. शेवटी पूर्वेच्या रोमन सम्राटाचं सैन्य आलं आणि त्यानं शहराच्याच इमारतींचे दगड उपसून शेजारी किल्ला बांधला. त्यात तुमचं एक वाक्य होतं: 'साम्राज्य उठून गेले, हे त्या शिपायांच्या नातवांना कोणी कळवले नाही.' मी लेख पूर्ण लावला होता, आबा. हे तुम्ही कधी मानलं नाहीत, पण पूर्ण लावला होता. पान छपाईला सोडायच्या दिवशी साड्यांच्या सेलची अर्ध्या पानाची जाहिरात आली. पान चिकटवणारा म्हणाला, "ताई, अर्धं बाहेर राहतंय. कुठून उडवू?" मी मान वर न करता म्हटलं, "खालून." आमच्या धंद्यात मजकूर खालूनच कापतात. महत्त्वाचं वर असतं असं धरून चालतात.

रविवारी तुमचं शहर छापून आलं आणि पडलंच नाही. शेवटची ओळ हमामांच्या संख्येची होती. तुम्ही ज्यांच्यासाठी लिहिलं होतं, ते गावातले रिटायर्ड जवान चहाच्या टपरीवर तुमची वाट बघत बसले होते, हे तुम्हीच नंतर सांगितलंत. "सुभेदार, मज्जा होती की गड्यांची! आंघोळी करायच्या आन् थेटर बघायचं." दुसरा म्हणाला, "आपण चुकीच्या सरकारची नोकरी केली." सगळे हसले. तुम्ही त्याच दिवशी एसटीनं पुण्याला आलात आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलात, मांडीवर चौपदरी घडी घातलेली पुरवणी.

"पडलेलं शहर दिलं होतं तुझ्याकडे. तू उभंच छापलंस."

"जाहिरात आली, आबा."

"साड्यांचा सेल लागला म्हणून रोमचा पाडाव रद्द झाला?"

"जागाच नव्हती."

"मग वरून कापायचं."

"वरून कुणी कापत नाही."

"तेच म्हणतो मी," म्हणालात आणि मी पुढे केलेला चहा न घेता उठलात.

ते 'तेच म्हणतो मी' मला कळलं होतं. तुमचा लेख रोमवर नव्हताच. शिपायाला सरहद्दीवर वापरून घेतात आणि नंतर विचारत नाहीत, एवढंच तुम्हाला त्या टपरीवरच्या लोकांना सांगायचं होतं, आणि ते सांगायला अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीनंतर तुम्हाला दुसऱ्या कुणाचं शहर लागलं. ते मी उडवलं. मान्य. पण एका लेखासाठी तुम्ही मला पंधरा वर्षं कोर्टात उभं केलंत. लग्नात, बारशात, आईच्या दिवसांना आलेल्या माणसांसमोरसुद्धा: "ही माझी मुलगी. पेपरात असते. कापते." मी संपादकीय लिहू लागले, माझं पुस्तक आलं; तुम्ही ते हातात घेऊन मागचं पान आधी उघडलंत आणि म्हणालात, "हे पूर्ण आहे का?" लोक हसले. मीही हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

मग आम्ही कॅनडाला आलो. आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात तुम्ही सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर टोरांटोशेजारी मिसिसागाला आमच्या घरी आलात. बेसमेंटमध्ये मी काम करायचे, तिथे तुमची कॉट टाकली आणि मी वर डायनिंग टेबलावर आले. पहिल्या बर्फाला तुम्ही कानटोपी घालून ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला निघालात, दोन्ही कडा रेघ मारल्यासारख्या सरळ. नऊ वर्षांची नात खिडकीतून ओरडली, "आजोबा, यू मिस्ड अ स्पॉट!"

"काय म्हणते?"

"म्हणते, तिथं राहिलंय."

"तुझ्यावर गेलीय," तुम्ही म्हणालात आणि परत जाऊन तेवढा ठिपका काढलात.

जानेवारीत तुम्हाला मॉल सापडला. बस कुठे बदलायची ते मी कागदावर लिहून दिलं होतं. तिसऱ्या दिवशी कागद लागला नाही. तिथल्या फूड कोर्टात चार पंजाबी म्हातारे रोज दहा ते एक बसायचे, चौघेही फौजेतून रिटायर झालेले. एकदा मी तुम्हाला न्यायला आले तर तुम्ही पाचवे होतात, एका कॉफीवर तीन तास. त्यातले पगडीवाले हवालदार उठून मला म्हणाले, "बेटी, सूबेदार साब को जल्दी मत ले जाओ. अभी तो हमने लाहौर भी नहीं लिया." तुम्ही खो खो हसलात. तुमचं असं हसणं मी घरात कधी ऐकलं नव्हतं, आणि आनंद व्हायच्या आधी मला त्या लेखापासूनचा आपला हिशेब आठवला. गाडीत तुम्ही काचेबाहेर बघत होतात. एकसारखी घरं, काटकोनातले रस्ते, प्रत्येक दारापुढे बर्फाचा ढीग. "पेन्शनरांचं गाव आहे हे, पोरी," तुम्ही म्हणालात. थोड्या वेळानं म्हणालात, "सहा महिन्यांच्या पुढं राहता येतं का? तो हवालदार म्हणाला, अर्ज करावा लागतो." तुम्ही माझ्याकडे काही मागितलंत ते आयुष्यात दोनदा. पहिल्यांदा तो लेख होता.

मार्चमध्ये मी तुम्हाला सांगितलं की अर्ज नाकारला गेला. तुम्ही चिडाल म्हणून मी तयारीत होते. तुम्ही उलट माझीच समजूत काढलीत. "सरकार आहे. सगळ्यांना ठेवून घेत बसले तर त्यांचं कसं चालायचं?" एअरपोर्टवर ते चार म्हातारे तुम्हाला पोचवायला आले होते. तुम्ही त्यांनाही हेच सांगितलंत, कॅनडा सरकारची बाजू घेऊन. गावी पोचल्यावर दादाला फोनवर, टपरीवर, सगळ्यांना तेच. तुम्ही त्या घरात एकटे राहिलात. दादाचा पंधरा दिवसांनी एकदा फोन, माझा रविवारी. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी गेलात. सकाळी दूधवाल्यानं हाका मारल्या, तेव्हा कळलं.

आता या महिन्यात थामुगाडीबद्दल वाचताना मला एक गोष्ट कळली, जी तुम्हाला कळायला हवी होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रेंचांनी ते शहर खणायला घेतलं, तेव्हा त्यांना आखीव रोमन शहर हवं होतं, फोटोत यावं असं. पण त्याच्या वर नंतरच्या लोकांच्या वस्तीचा थर होता, रस्त्यात सरकलेल्या भिंती, उशिराच्या काळातली बांधकामं, पाडाव झाल्यावरही तिथेच राहिलेल्या माणसांनी उभी केलेली. तो थर त्यांनी फारशी नोंद न ठेवता काढून टाकला. म्हणजे शहर पडल्यावर लोक तिथे कसे राहिले, काय शिजवत होते, कशाची वाट बघत होते, ते आता नीटसं कुणालाच सांगता येणार नाही. छावणीच्या लायब्ररीत तुम्ही पाहिलेला तो फोटो इतका स्वच्छ होता, कारण ऱ्हास आधीच फावड्यानं उचलून बाजूला टाकला होता. तुमच्या लेखाच्या आधी. माझ्या आधी. वाचून मला पहिल्यांदा बरं वाटलं, की कापणारी मी एकटी नाही. मग वाटलं, चौसष्टाव्या वर्षी आपण अजून बापाविरुद्ध पुरावा गोळा करतोय.

मी ते पान लिहिलं. शेवटच्या परिच्छेदात हे सगळं घातलं, सोप्या शब्दांत. संपादक मुलगी माझ्या लेकीपेक्षाही लहान आहे; तिचा फोन आला. "आय लव्ह इट. पण लास्ट पॅराग्राफ थोडा सॅड आहे ना? दे आर ओन्ली नाइन." मी वाद घालायचा ठरवला होता, मुद्दे कागदावर लिहून ठेवले होते. म्हटलं, "नो प्रॉब्लेम," आणि परिच्छेद काढून चार मिनिटांत पान परत पाठवलं. शहर आता लायब्ररीपाशी संपतं. मुलांना आवडेल.

हे पत्र मात्र कुठे जाणार नाही. दादाला वाचायला द्यावं असं काल क्षणभर वाटलं होतं. तो अजूनही नातेवाइकांना सांगतो, आबांना तिकडे राहायचं होतं, सरकारनं ठेवून घेतलं नाही. त्याला तसंच सांगू दे.

अर्ज नाकारला गेला नव्हता, आबा. मी तो केलाच नव्हता. फॉर्म आणला होता. तुमचं नाव, पासपोर्टचा नंबर, आमचा पत्ता, सगळं भरलं होतं. मग रकाना आला, मुक्काम वाढवण्याचं कारण. दोन ओळींची जागा होती. खाली बेसमेंटमध्ये तुम्ही रेडिओ लावला होता आणि मी वर तो कागद पुढे घेऊन बसले होते, मनात तुमचं ते 'कापते' ऐकत. ते कारण मला माहीत होतं. चार मित्र, रोज दहा ते एक. एकच वाक्य लिहायचं होतं, आणि ते मला येत होतं.