लाल कागदाखालचं नाव

किनमेन, ता. २० नोव्हेंबर १९८८

ती. खेंग-हुईदादा यास धाकटी बहीण सिउ-लुआन हिचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र हाँगकाँगच्या मामेभावाने नव्या पाकिटात घालून पाठवलं, ते काल मिळालं. वाटेत दोन्हीकडच्या सरकारी साहेबांनी वाचलं असणारच, त्यांनाही नमस्कार.

अक्षर मी ओळखलं नाही. तू गेलास तेव्हा मी तेरा वर्षांची, तुझं अक्षर पाहिलं होतं कधी? आईला वाचून दाखवलं. जाळी रंगवायला झाडाच्या साली आणायला सकाळी होडीने पलीकडे शियामेनला गेलास आणि त्या संध्याकाळपासून लढाईमुळे होड्या बंद झाल्या, हे तू लिहिलंस, पण ते साऱ्या गावाला ठाऊक आहे. पाठीला विळ्याची खूण आहे असं लिहिलंस, तेव्हा मात्र आई उठून डुकरांना खायला घालायला गेली. परत आल्यावर म्हणाली की ती खूण फक्त तिला आणि त्याला माहीत, विळा तिनेच तिथे ठेवला होता.

आता अडचण ऐक. तुझ्यासोबतचे दोघे बुडाले अशी बातमी आली होती. तीन वर्षं वाट पाहून बाबांनी तुझं नाव पितरांच्या पाटीवर लिहिलं, आणि मागून ते स्वतःही त्याच पाटीवर गेले. सरकारी दप्तरातही तू मयत आहेस. आता इकडच्या माणसांना तिकडच्या नातलगांना भेटायला जायची परवानगी मिळते, पण नातलग जिवंत असावा लागतो. आई म्हणते मला जायचंय. तिला ब्याऐंशी चालू आहे. ती हेही म्हणते की ज्याला मी रोज धूप दाखवते त्याला भेटायला गेले तर त्याचंच वाईट होईल. आधी पाटीवरून नाव उतरवायचं, मग पाऊल उचलायचं.

बाबांचा कौल घ्यावा लागेल. काय होतं ते कळवते. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ इतकी वर्षं न पाहता टिकला, तसाच पुढेही असू द्यावा.

तुझी
सिउ-लुआन


शियामेन, ता. १८ डिसेंबर १९८८

चि. सौ. सिउ-लुआन हिस खेंग-हुईचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. मी मेलो हे कळून बरं वाटलं नाही, पण छत्तीस वर्षं माझ्या नावाने वाढत होतात तर काय वाढत होतात ते तरी लिही. इथे मधली काही वर्षं फार ओढगस्तीची गेली. तुमच्याकडचं पान माझ्यापर्यंत पोचत असतं तर मी इतका वाळलो नसतो. तुझी वहिनी म्हणते, भुताशी लग्न लावून दिलं म्हणून तिने तिच्या बापावर दावा लावायला हवा.

मी जहाजदुरुस्तीच्या गोदीत होतो, मागच्या वर्षी घरी बसलो. मुलगा आ-बिंग त्याच गोदीत आहे. आमच्या गच्चीवरून हवा स्वच्छ असली की तुमच्या बाजूचा डोंगर दिसतो. मी मुलांना सांगायचो की तिथे तुमची आजी आहे. धाकटी एकदा शाळेत म्हणाली की माझी आजी शत्रूकडे राहते. मग मला शाळेत बोलावून घेतलं. तेव्हापासून डोंगर दाखवायचा सोडला.

आईला म्हणावं सावकाश ये, पण ये. तुमचा कारकून काय म्हणतो? इथला कारकून म्हणतो की तुमचं बेट आपलंच आहे, तेव्हा परदेशी पाहुण्याचा अर्ज चालणार नाही. आपल्याच माणसाचा अर्ज मागितला, तर तो अजून छापून यायचाय.

यजमानांना नमस्कार. तुम्हा सर्वांच्या आठवणीत जिवंत ठेवा, एवढंच मागणं.

तुझा
खेंग-हुई


किनमेन, ता. २६ जानेवारी १९८९

ती. दादास सा. न. वि. वि.

तुला वाढत होतो ते असं: रताळ्याची पेज, सणाला कालवांची शेवई, बाबा असताना त्यांच्या हाताने एक पेला ज्वारीची दारू. दारू नंतर हेच पीत, कारण हे भट्टीतच कामाला आहेत आणि वाया घालवू नये म्हणतात.

कौलाचं ऐक. तिकडे देवळं बंद होती म्हणतात, तेव्हा विसरला असशील. लाकडाच्या दोन फोडी टाकायच्या. एक उताणी एक पालथी पडली तर होकार, दोन्ही पालथ्या म्हणजे नाही, दोन्ही उताण्या म्हणजे पितर विचारणाऱ्यावर हसले. आईने बाबांना विचारलं, खेंग-हुईचं नाव खरवडू का? नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बाबा हसले. आई संतापली. पाटीसमोर उभं राहून म्हणाली की जिवंतपणीही तुम्ही कधी सरळ उत्तर दिलं नाही, मुलगा जिवंत आहे म्हणून सांगते तर हसता कसले. मी तिला आत नेलं.

मग समुद्राच्या मात्सो देवीच्या देवळातले म्हातारे पुजारी आले. त्यांनी आईला विचारलं की नवरा आधी गेला की बायकोचं नाव थडग्यावर कोरतात तेव्हा ती जिवंत आहे म्हणून काय करतात. आई म्हणाली, नावावर लाल कागद लावतात. ते म्हणाले, मग बाबांना तेच विचारा, खरवडायचं कशाला? नाव एक दिवस लागणारच आहे. आईने विचारलं, आणि पहिल्याच फेकीला होकार. बाबांना लिहिलेलं पुसणं आवडत नव्हतं, एवढंच होतं. मी पेजेची खळ करून तुझ्या नावावर लाल कागद चिकटवला. तू आता जिवंत आहेस.

सरकारी दप्तराला लाल कागद चालत नाही. कारकून म्हणाला पत्र हा पुरावा नव्हे, मयत इसमाने समक्ष हजर व्हावं. मी म्हटलं बोलवा. तो म्हणाला शत्रूच्या प्रदेशातल्या माणसाला इथे येता येत नाही. दोन्ही सरकारं एकमेकांना खोटं म्हणतात, पण तू कुठे नसावास यावर दोघांचं एकमत आहे. शेवटी गावच्या प्रमुखाने आणि दोन म्हाताऱ्यांनी अंगठे दिले, तेव्हा 'मयत' खोडून 'ठावठिकाणा कळला' असं लिहिलं.

आईला परवानगी मिळाली, तीन महिन्यांची. आधी जहाजाने काओशुंग, तिथून विमानाने हाँगकाँग, तिथून तुझ्याकडे. चार दिवस. आई म्हणाली, लहान असताना मी कोंबड्या घेऊन सकाळी जात होते आणि दुपारी परत येत होते. यांचा पुतण्या हाँगकाँगपर्यंत सोबत करील, पुढे मामेभाऊ.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेव. छावणीतल्या लेफ्टनंटसाहेबांनी घरी येऊन बजावलं आहे की तिथे सभेत, वर्तमानपत्रात किंवा किनाऱ्यावरून रोज आमच्याकडे प्रचार ओरडणाऱ्या भोंग्यावर ती काही बोलली, तर परत यायचा कागद रद्द होईल. दादा, ती परत आलीच पाहिजे. बाहेर मरण आलेल्याला आपल्याकडे घराच्या उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. शेवटचं अंथरूण घालायची पुढच्या खोलीतली जागासुद्धा तिने दाखवून ठेवली आहे. तुझ्याकडे तीन महिने, आणि नंतर इथे. तेवढं तू सांभाळ.

तुझी
सिउ-लुआन


शियामेन, ता. ९ मार्च १९८९

चि. सौ. सिउ-लुआन हिस अ. उ. आ. वि. वि.

आई सुखरूप पोचली. विमानतळावर मी तिला ओळखलं, तिने मला ओळखलं नाही. तिने आ-बिंगचा हात धरला आणि त्यालाच खेंग-हुई म्हणाली. बरोबरच आहे, तो माझ्यासारखा दिसतो, मी आता बाबांसारखा दिसतो. घरी आल्यावर तिने सदरा वर करायला लावून पाठ पाहिली, मग जेवली.

उतरताना मामेभावाने तिला सांगितलं होतं की तुमच्याकडचा कागद आत ठेवा, इकडचा बाहेर काढा. इथला साहेब गोड बोलून म्हणाला की आजी, तुम्ही परदेशी आला नाहीत, आपल्याच देशात आलात. ती म्हणाली, मग इतके शिक्के कशाला? पुढे म्हणाली की मी जन्मले तेव्हा बादशहा होता, तुमच्यापैकी कुणीच नव्हतं. साहेब हसला. मला घाम फुटला.

आता काळजीची गोष्ट. परवा सरकारी कचेरीतले दोघे फुलं घेऊन आले. आईने किनाऱ्यावरच्या भोंग्यावरून तुमच्याकडच्या लोकांना दोन शब्द सांगावेत, असं त्यांचं म्हणणं. मी तिची प्रकृती बरी नाही म्हटलं. काल पुन्हा आले. या खेपेला आ-बिंगच्या बढतीचा विषय निघाला. सुनेला दिवस गेले आहेत, ऑक्टोबरात बाळ होईल, बढतीबरोबर मोठी खोली मिळेल असं वाटत होतं. तरी मी नाही म्हणालो. तुझं पत्र माझ्या खिशात होतं.

ते गेल्यावर आईने विचारलं की तो भोंगा सिउ-लुआनला ऐकू येतो का. मी म्हटलं, रोज येत असेल. ती म्हणाली मग मी बोलते. मी तिला कागदाचं, उंबऱ्याचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, त्यांचं बोलायला मना केलंय, माझं नाही. तिच्यापुढे मी अजूनही सतराचाच आहे. उद्या सकाळी नेणार आहेत. तू रागावशील. पण मी तिला बांधून ठेवू शकत नाही.

तुझा
खेंग-हुई


किनमेन, ता. १२ मार्च १९८९

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायला अजून वेळ आहे, पण काय झालं ते मी आधीच ऐकलं. साऱ्या गावाने ऐकलं.

परवा सकाळी मी भुईमुगाच्या शेतात होते. तुमच्या भोंग्यावर आधी नेहमीचं संगीत, मग ती नेहमीची बाई. मग खोकला. दादा, तो खोकला ऐकला आणि मी खुरपं टाकून उभी राहिले.

ती म्हणाली की सिउ-लुआन, मी पोचले. तुझ्या भावाचे पुढचे दोन दात पडलेत, बायको चांगली आहे, घर दुसऱ्या मजल्यावर आहे, जिने फार. मग म्हणाली की रताळ्याच्या चकत्या वाळल्या असतील, ढग दिसले की आत घे. डुकरीण या आठवड्यात विणार, शेजारच्या आजीला बोलाव, स्वतःचं शहाणपण चालवू नकोस. जावयाला सांग, बेताने प्या. तेवढ्यात कुणीतरी तिला काही सांगत असल्यासारखं ऐकू आलं. मग ती म्हणाली, हे म्हणतात तिकडच्यांना सांगा, घरी या. मी तर घरीच होते. घराबाहेर राहिला तो हा.

लगेच संगीत लागलं.

शेजारची आजी कुंपणाशी आली. म्हणाली, मला तिकडून बोलावणं आलंय, डुकरीण कुठे आहे?

दुपारी लेफ्टनंटसाहेब आले. त्यांच्याजवळ सगळं लिहून घेतलेलं होतं. चकत्या म्हणजे काय, किती, आणि 'डुकरीण विणार' याचा अर्थ काय, असं त्यांनी तीनदा विचारलं. मी त्यांना चकत्या दाखवल्या. मग गोठ्याशी नेलं. ते तायपेचे, डुकरीण व्यायलेली कधी पाहिली नव्हती. नेमकी त्याच वेळी ती वीत होती. वहीत त्यांनी पिलांचा आकडा आधी पाच लिहिला, मग खोडून सात केला. जाताना मी विचारलं की आईचा कागद? ते म्हणाले, वर कळवावं लागेल.

मी रोज मात्सो देवीपुढे बसते. कौल लावत नाही. नाही म्हणाली तर काय करू?

तुझी
सिउ-लुआन


किनमेन, ता. २५ मे १९८९

ती. दादास सा. न. वि. वि.

आई परवा दुपारच्या जहाजाने पोचली. हे तिला पाठीवर घेऊन आले. उंबरा तिने स्वतःच्या पायांनी ओलांडला. आधी बाबांच्या पाटीला धूप लावला आणि तुझ्या घराच्या जिन्यांबद्दल त्यांच्याकडे तक्रार केली.

वरून आलेलं उत्तर लेफ्टनंटसाहेबांनी मला वाचून दाखवलं. सदर बोलणं घरगुती स्वरूपाचं आढळल्यामुळे परत येण्यास हरकत नाही. त्याखाली दुसरी ओळ होती: यापुढे सदर महिलेस पलीकडे जाण्याची परवानगी देऊ नये. तुला इथे यायची सोय नाही, आमचं बेट युद्धक्षेत्र आहे. तेव्हा तुमची भेट झाली ती एवढीच. आईला मी दुसरी ओळ सांगितली. तिने मान हलवली आणि पिलं मोजायला गेली.

'मी तुझं ऐकलं नाही' असं तू एप्रिलच्या पत्रात लिहिलंस. मी रागावले नाही. तिला मीही बांधू शकले नसते. आ-बिंगची बढती राहिली, त्याचं मात्र वाईट वाटतं.

आता रोज सकाळी भोंगा सुरू झाला की आई हातातलं काम टाकून अंगणात उभी राहते. तुमच्याकडची बाई पोलादाचं सांगते, पिकाचं सांगते, बेट कुणाचं ते सांगते. आई शेवटपर्यंत ऐकते आणि म्हणते, इतकं बोलली, पण घरचं एक अक्षर नाही.

म्हणून एक विचारते, जमलं तर बघ. पत्राला महिना लागतो आणि आई आता ब्याऐंशीची आहे. ऑक्टोबरात आ-बिंगची बायको बाळंत झाली की त्या कचेरीतल्या कुणाला गाठून सांग. पिकाचं सांगून झाल्यावर, संगीताच्या आधी, मुलगा की मुलगी एवढाच एक शब्द त्या बाईने म्हणावा. इथल्या साहेबांना काही कळणार नाही. आम्ही अंगणात असू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. वाचणाऱ्या साहेबांनाही विनंती, हे पत्र अडवू नये. आमच्यावर माया असू द्यावी.

तुझी
सिउ-लुआन